गेम एक जण खेळतो, हजारो का बघतात?

दुसराच कुणी व्हिडिओ गेम खेळतो आणि मुले तासन् तास ते बघत बसतात. यात बघण्यासारखे आहे तरी काय, असे वस्त्यांमध्ये काम करताना पालक आम्हाला विचारतात. याचे उत्तर गेममध्ये कमी आणि बाजूला सरकणाऱ्या चॅटमध्ये जास्त आहे.

'ट्विच' हे या क्षेत्रातले प्रमुख व्यासपीठ २०११ साली सुरू झाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथे एक प्रयोग झाला. प्रेक्षकांनी चॅटमध्ये 'वर', 'खाली', 'डावीकडे' असे टाइप करायचे आणि पोकेमॉनच्या गेममधले पात्र त्याप्रमाणे चालायचे. हजारो लोक एकाच वेळी हुकूम सोडत होते, पात्र जागच्या जागी फिरत होते. तरीही लोक हटले नाहीत. दहा लाखांहून अधिक जणांनी मिळून १६ दिवसांत तो गेम पूर्ण केला. बघणाऱ्याच्या हाती काही करायला दिले की तो टिकतो, हे त्यातून दिसले.

चॅनल वाढते त्यामागे साध्या गोष्टी असतात. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी स्ट्रीम सुरू होते. नवा प्रेक्षक आला की त्याला नावाने हाक मारली जाते. त्या गटाचे स्वतःचे विनोद तयार होतात आणि ते कळणारा माणूस 'आपला' ठरतो. स्ट्रीम संपताना स्ट्रीमर आपले सगळे प्रेक्षक दुसऱ्या छोट्या चॅनलवर पाठवतो. याला 'रेड' म्हणतात. २०१७ मध्ये ट्विचने छोट्या स्ट्रीमरना कमाईची वाट खुली केली, तेव्हा सरासरी तीन प्रेक्षकांची अट होती. सुरुवात एवढ्या लहान घोळक्यातून होते.

पण याच 'रेड'चा वापर करून २०२१ मध्ये कृष्णवर्णीय आणि एलजीबीटी स्ट्रीमरांच्या चॅटवर खोट्या खात्यांमधून शिव्यांचा मारा झाला. निषेध म्हणून १ सप्टेंबर रोजी अनेकांनी ट्विचवर एक दिवसाचा बहिष्कार टाकला. त्याच महिन्यात ट्विचने चॅटसाठी फोन पडताळणीची सोय आणली. शिवीगाळ अडवणारे मॉडरेटर बहुधा बिनपगारी स्वयंसेवक असतात. ते नसतील तर ज्यांना समाजात आधीच बोलू दिले जात नाही, तेच सर्वात आधी तिथून निघून जातात. गर्दी तेवढी उरते, समुदाय राहत नाही.

दुसरा धोका पैशाचा. हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच टीव्हीच्या संदर्भात लिहिले होते की, पडद्यावरचा माणूस आपल्याला जवळचा वाटतो, पण ते नाते एकतर्फी असते. स्ट्रीमिंगमध्ये तो माणूस खरोखर उत्तर देतो, म्हणून ओढ वाढते. मात्र पैसे पाठवणाऱ्याचे नाव आधी वाचले जाते. ओळख विकत मिळू लागली की खिसा रिकामा असलेला मुलगा एक तर गप्प बसतो, नाहीतर घरातले पैसे वापरतो.

म्हणून मुलाला 'किती वेळ बघतोस?' एवढेच विचारून भागणार नाही. 'तिथे तुला नावाने कोण ओळखते आणि इथे कोण ओळखते?' हेही विचारावे, असे आम्हाला वाटते. ठरलेली वेळ, नावाने हाक आणि प्रत्येकाच्या हाती काही काम, हे आपल्या अभ्यासिकेत आणि युवा मंडळातही फुकट देता येते.