‘ड्रेंच’: भिजविणें आणि पाजणें

‘ड्रेंच्ड’ म्हणजे चिंब भिजलेला, एवढें इंग्रजी शिकलेल्या बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु मेंढ्यांना द्यावयाच्या जंतनाशक औषधाच्या बाटलीवर ‘ड्रेंच’ हाच शब्द दिसला, म्हणजे वाचणारा बुचकळ्यांत पडतो. हें औषध मेंढीच्या अंगावर ओतावयाचें कीं काय? मुळींच नव्हे. तें तिला पाजावयाचें असतें. आणि शब्दाचा मूळचा अर्थही तोच आहे.

‘ड्रेंच’ हें ‘ड्रिंक’ ह्या क्रियापदाचें जुनें प्रयोजक रूप होय. मराठींत जसें पिणें व पाजणें, तसेंच इंग्रजींत ‘ड्रिंक’ व ‘ड्रेंच’. ‘सिट’ म्हणजे बसणें व ‘सेट’ म्हणजे बसविणें, ही जोडीही त्याच घडणीची. जर्मन भाषेंत ‘ट्रिंकेन’ म्हणजे पिणें आणि ‘ट्रेंकेन’ म्हणजे गुरांना पाणी पाजणें, हा भेद अद्याप जिवंत आहे. इंग्रजींत मात्र ‘ड्रेंच’चा अर्थ पुढें सरकला. ज्याला प्रमाणाबाहेर पाणी पाजलें जातें, तो बुडतो. म्हणून 1400 सालीं वारलेल्या चॉसर कवीच्या भाषेंत हा शब्द बुडण्याबुडविण्याच्या अर्थानें येतो. कालांतरानें तो अर्थ मागें पडला व नखशिखांत भिजविणें हा उरला. पाजण्याचा अर्थ गोठ्यांत टिकून राहिला. 1598 सालीं छापल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागांतही घोड्याला पाजावयाच्या ‘ड्रेंच’चा उल्लेख आहे.

आतां वापराविषयीं. मराठींत ‘भिजणें’ हें एकच क्रियापद पुष्कळ कामें करतें. इंग्रजींत तीं वांटून दिलेलीं आहेत. डाळ रात्रभर भिजत घालणें म्हणजे ‘सोक’; तेथें पाणी सावकाश आंत मुरावें लागतें. वळवाच्या सरीनें माणूस क्षणांत निथळूं लागतो, तो ‘ड्रेंच्ड’. पाणी पिऊन जड झालेली जमीन किंवा जोडे ‘सॉडन’. हा शब्द तर मुळांत उकडण्याच्या क्रियापदापासून आलेला आहे. ‘डॅम्प’ म्हणजे नुसतें दमट. डाळीस ‘ड्रेंच’ लावणें जितकें विचित्र, तितकेंच दमट टॉवेलास ‘ड्रेंच्ड’ म्हणणें चुकीचें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ‘ड्रेंच्ड’मध्यें ओलेपणाची परमावधि आधींच सामावलेली असते. म्हणून ‘व्हेरी ड्रेंच्ड’ कानाला खटकतें, ‘कम्प्लीटली ड्रेंच्ड’ खटकत नाहीं. मराठींतही ‘फार चिंब’ कोणी म्हणत नाहीं. घामाविषयीं बोलतांना ह्या शब्दापुढें ‘इन’ किंवा ‘विथ’ येतें, आणि सरीनें भिजविलें असें सांगावयाचें असल्यास ‘बाय’.

हा केवळ व्याकरणाचा कीस नव्हे. जनावराच्या पाठीवर ओतावयाचीं औषधें निराळीं असतात. पोटांत द्यावयाचें औषध वर ओतल्यास तें वाया जातें व जंत तसेच राहतात. पाजतांनाही घाई केली किंवा तोंड फार उंच धरलें, तर औषध श्वासनलिकेंत शिरून फुप्फुसांना सूज येते व जनावर दगावूं शकतें. मेंढीला औषध ‘पाजलें’ असें म्हणणाऱ्या धनगराला इंग्रजीचा गंधही नसेल. पण ‘ड्रेंच’चा खरा अर्थ त्याच्याच तोंडीं आहे.