गवती चहातून सोन्याचे त्रिकोण!

सर्दी झाली की आपण चहात टाकतो ना, त्याच गवती चहाचा अर्क पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने सोन्याच्या क्षारात मिसळला. द्रावणाचा फिकट पिवळा रंग जाऊन ते लालसर झालं आणि त्यात सापडले सोन्याचे चपटे, त्रिकोणी नॅनोकण! 2004 मध्ये हे काम 'नेचर मटेरियल्स'मध्ये छापून आलं.

पानांतल्या शर्करा सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, म्हणजे त्यांचं क्षपण करतात. त्यातून आधी बारीक गोल कण तयार होतात. अर्कातली अल्डिहाइड आणि कीटोन संयुगं त्या कणांच्या पृष्ठभागाला चिकटतात. त्यामुळे कण जणू मऊ पडतात, एकमेकांत मिसळतात आणि साध्या तापमानालाच त्रिकोण घडतात. भट्टी नाही, जहाल रसायनं नाहीत. (सोन्याचा क्षार मात्र लागतोच. तो काही झाडाला लागत नाही!)

वैद्यकाला यात रस असायचं कारण आकारात आहे. गोल कण हिरवा प्रकाश शोषतात, तर हे त्रिकोण अवरक्ताजवळचा. हा प्रकाश ऊतींत बराच आत शिरतो. म्हणून गाठीत असे कण पोचवून, बाहेरून प्रकाश टाकून कर्करोगाच्या पेशी तापवून मारायची कल्पना पुढे आली.

पण 'वनस्पतीपासून बनवलं' म्हणजे आपोआप सुरक्षित, हे मला अजिबात पटत नाही. कण शरीरात कुठे साठतात हे तपासावंच लागतं. शिवाय ऋतू आणि माती बदलली की अर्कही बदलतो. प्रत्येक घाण्यात सारखेच कण मिळवणं, खरी डोकेदुखी तिथे आहे.