गदा कोणाची?

कुस्तीची मोठी स्पर्धा सुरू होऊन दोन दिवस लोटले की ‘यंदा गदा कोणाची?’ ही चर्चा घरोघर रंगते. पहिल्या निकालांवरून याचे उत्तर द्यावे काय? ते स्पर्धेच्या रचनेवर अवलंबून आहे.

जपानी सूमोच्या वरिष्ठ गटात प्रत्येक मल्ल १५ दिवस रोज एक कुस्ती खेळतो आणि ज्याचे विजय सर्वांत अधिक तो विजेता ठरतो. तेथे पहिल्या दिवशी हरलेल्यासही अजिंक्यपदाची आशा उरते. १९६१ साली सुरू झालेल्या आपल्या ‘महाराष्ट्र केसरी’त ही सवलत नाही. गादी आणि माती या दोन विभागांतील विजेते अखेरीस गदेसाठी झुंजतात. वाटेत एक कुस्ती गेली की वर्षाची मेहनत व खुराक पाण्यात.

जानेवारी २०२० मध्ये पुण्यास गतविजेता बाला रफिक शेख व त्याच्या आधीचा विजेता अभिजित कटके हे दोघेही अंतिम लढतीपूर्वीच पराभूत झाले. अखेरीस समोरासमोर आले हर्षवर्धन सदगीर व शैलेश शेळके, दोघेही काका पवारांचेच शिष्य! सूमोत एका तालमीच्या मल्लांची गाठ नेहमीच्या लढतींत घालीत नाहीत. अखेरीस विजय समसमान झाले तरच ते भिडतात. येथे मात्र सदगीर ३-२ असा जिंकला आणि त्याने शेळकेला खांद्यावर उचलून घेतले.

तेव्हा पहिल्या दिवसांचे निकाल वाचताना नामांकितांपैकी कोण गळाले एवढेच निश्चित मानावे. गदेचा धनी त्या वेळी कदाचित कोणाच्या चर्चेतही नसेल.