डब्यावरची खूण

चाकणजवळचे महाळुंगे हे गाव खेड तालुक्यातले. मुंबईचे अनेक डबेवालेही याच तालुक्यातले. झाकणावरची खूण पाहून ते डबा न उघडता पोचवतात. संगणकांच्या निरोपांवरही अशी खूण असते. तिला हेडर म्हणतात. १९९६ च्या एचटीटीपी १.० मध्ये तिची रीतसर नोंद झाली.

जावातल्या वेब सेवेत प्रत्येक निरोपावर हाताने खूण लिहायची म्हटले, तर एखादी राहून जाणारच. म्हणून आपण बाहेरच्या वाटेवर एकच नाका बसवतो. हा इंटरसेप्टर. निरोप अडवायचा, हेडर जोडायचे, पुढे सोडायचा, एवढेच त्याचे काम. मजकूर तसाच राहतो.

मात्र हेडरमध्ये गुप्त ओळखपत्र असेल, तर सरसकट जोडणारा नाका ते परक्या पत्त्यावरही धाडील. तेव्हा आधी पत्ता पाहायचा, मगच खूण करायची, हेही आपणच त्याला शिकवायला हवे.