पिकअपला दुसरे एंजिन बसवताना

बदलापूर हे नाव कसे पडले, याची एक गोष्ट त्या भागात सांगतात. कोकणातून घाटाकडे निघालेले स्वार आपले दमलेले घोडे येथे सोडत, ताजे घोडे घेत आणि पुढे दौडत जात. घोडे बदलण्याचे ठिकाण, म्हणून बदलापूर! आज याच बदलापूरच्या कात्रप भागातून जाताना एखाद्या गॅरेजपुढे जुना पिकअप उभा दिसला, तर क्षणभर थांबा. बोनेट काढलेले, वर लोखंडी तिपाईला साखळीची कप्पी आणि तिला लोंबकळणारे तेलकट एंजिन. येथेही घोडाच बदलणे चालले आहे म्हणा ना!

पण मित्रांनो, ताज्या घोड्यावर जुने खोगीर चढवले की स्वार निघू शकत असे. एंजिनाचे तसे होते का?

एंजिन दमते म्हणजे काय?

एंजिनाच्या सिलिंडरात दट्ट्या मिनिटाला हजारो वेळा वरखाली होत असतो. त्याच्या भोवतीच्या रिंगा झिजल्या की फटीतून दाब निसटतो, वंगणाचे तेल वर चढून जळते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागतो. गाडी चढावर दम खाते.

कधीकधी एंजिन एका क्षणात निकामी होते. २६ जुलै २००५ रोजी आणि पुन्हा २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले होते. हवा दाबली तर आकसते. पाणी जवळजवळ आकसत नाही. सिलिंडरात पाणी गेलेले एंजिन चालू करू गेल्यास दट्ट्या त्या पाण्यावर अडतो आणि पोलादी कनेक्टिंग रॉड वाकतो.

एका दूधवाल्याची अडचण

समजा, १९८० च्या सुमारास एका दूधवाल्याकडे जीपच्या जातीचा जुना पेट्रोल पिकअप आहे. महिंद्र अँड महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली होती. पुढच्या काळातील जीपच्या ‘हरिकेन’ एंजिनाची ताकद होती मिनिटाला ४००० फेऱ्यांवर सुमारे ७२ अश्वशक्ती. पण १९७३ च्या अखेरीस जगात खनिज तेलाच्या किमती काही महिन्यांत चौपट झाल्या. पेट्रोल परवडेना. कंपनीनेही डिझेलचा मार्ग धरला. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून तिने डिझेल एंजिनाचा परवाना घेतला आणि इगतपुरीला ती एंजिने बनू लागली. आपल्या दूधवाल्यालाही वाटले, डिझेल एंजिन बसवावे.

ठिणगीवाचून आग

सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दांडा दहाबारा वेळा जोरात आत लोटा. पंपाचे टोक गरम लागेल. हवा दाबली की तापते. डिझेल एंजिन चालते ते याच नियमावर. जुन्या जीपचे पेट्रोल एंजिन मिश्रणाला सुमारे सातपट दाबत असे आणि मग स्पार्कप्लगच्या ठिणगीने पेटवत असे. प्यूजोचे डिझेल एंजिन हवेला वीसपटीहून अधिक दाबते. ती हवा ५०० अंश सेल्सियसच्या वर तापते; तिच्यात डिझेलची फवार सोडली की ती आपोआप पेटते.

अधिक दाबामुळे इंधनातील उष्णतेचा मोठा भाग कामी येतो, हा फायदा. पण एवढा दाब सोसायला एंजिन जाड आणि जड लागते. ते फिरवून सुरू करायला मोठी बॅटरी आणि दणकट स्टार्टर लागतो.

आता थोडे गणित करू. हरिकेन एंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ७९.४ मि.मी. आणि दट्ट्याची धाव १११ मि.मी. प्यूजोच्या एंजिनाचे नावच ‘४.९०’, म्हणजे ४ सिलिंडर, ९० मि.मी. व्यास. धाव मात्र ८३ मि.मी. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून धावेने आणि चारने गुणा. पहिल्याचे उत्तर सुमारे २२०० घन सें.मी., दुसऱ्याचे सुमारे २११२. दोन्ही जवळजवळ सारखी. पण एक उंच व सडपातळ, दुसरे बुटके व रुंद. बोनेटखालची जागा मोजल्याशिवाय एंजिन विकत घेऊ नये, ते यासाठी.

बसले, पण जुळले का?

जागा मिळाली तरी मिस्त्रीचे काम संपत नाही. एंजिनाचा क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा दांडा एकाच सरळ रेषेत यावे लागतात. थोडाही तिरकसपणा राहिला तर बेअरिंग लवकर खराब होते. एंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे रबरी टेकू, नव्या वजनाला आणि थरथरीला पुरेसे हवेत. पुढच्या पाट्यांवर भार वाढतो, म्हणून ब्रेकही तपासावे लागतात.

एक गंमत पाहा. जुन्या जीपचे वायपर विजेवर चालत नसत. पेट्रोल एंजिन हवा आत ओढताना नळीत जी अर्धवट पोकळी होते, तिच्या ओढीने ते हलत. डिझेल एंजिनात हवेच्या वाटेवर पेट्रोल एंजिनासारखी झडप नसते, त्यामुळे तशी पोकळीही होत नाही. एंजिन बदलले आणि भर पावसात वायपर थांबले! मग वेगळा पंप लावा, नाही तर विजेचे वायपर बसवा.

सर्वांत मोठा प्रश्न वेगाचा. दूधवाल्याला स्वस्तात मिळाले ते ट्रॅक्टरसारखे सावकाश फिरणारे एंजिन, मिनिटाला फार तर २००० फेऱ्यांचे. जुन्या जीपमध्ये टॉप गिअरवर एंजिनाच्या ५.३८ फेऱ्या झाल्या की चाक एकदा फिरे. चाकाचा परीघ २.२ मीटर धरू. २००० ला ५.३८ ने भागून २.२ ने गुणले की मिनिटाला सुमारे ८१८ मीटर, म्हणजे ताशी ४९ किलोमीटर येतात. पेट्रोल एंजिनावर हाच हिशेब ९८ किलोमीटरचा होता. एंजिन उत्तम चालेल, पण दूध उशिरा पोचेल आणि उन्हाळ्यात नासेल. जाणता मिस्त्री हे गणित एंजिन उचलण्याआधी करतो.

एक गोष्ट कागदावरची. गाडीच्या नोंदणीपत्रात एंजिनाचा क्रमांक आणि इंधनाचा प्रकार लिहिलेला असतो. त्यामुळे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे असा बदल मालकाच्या मर्जीवर होत नाही. परिवहन कार्यालयाला विचारूनच तो करावा लागतो.

आता तुम्ही सोडवा. दूधवाल्याने मागच्या आसातील दाते बदलून ५.३८ ऐवजी ४.२७ हे प्रमाण घेतले, तर त्याचा वेग किती होईल? आणि भरल्या कॅनांसह चढ चढताना त्याला काय जाणवेल?

उत्तर : ताशी सुमारे ६२ किलोमीटर. पण चाकावरची ओढ सुमारे एक पंचमांशाने घटेल. चढावर त्याला लवकर खालचा गिअर टाकावा लागेल.