सुवार्ता आणि तिचे चार नियम

महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहत असताना एके दिवशी संध्याकाळी आमच्या खोलीवर एक सद्गृहस्थ आले. मृदुभाषी, अत्यंत नम्र. त्यांनी खिशातून तळहातावर मावेल एवढी एक पुस्तिका काढली, तिची पाने एकामागून एक उलटीत दहा-बारा मिनिटांत ती आम्हांस समजावून सांगितली आणि शेवटी छापलेली लहानशी प्रार्थना आपल्यामागून म्हणण्याची विनंती केली. दारी आलेल्या माणसाला 'नाही' म्हणणे आमच्या घरच्या वळणात बसत नव्हते. आम्ही ती म्हटली. त्यांचा चेहरा उजळला. आमचा हात हातात घेऊन, आजपासून तुमचे तारण झाले, त्याविषयी शंका धरू नका, असे त्यांनी सांगितले, वहीत आमचे नाव टिपले आणि ते शेजारच्या खोलीकडे वळले. आम्ही अर्धवट राहिलेल्या गणिताकडे वळलो.

हा प्रसंग हसण्यावारी नेण्याजोगा नाही. एक तर त्या गृहस्थांचे म्हणणे खरे होते, आणि मग मनुष्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना आमच्या बाबतीत आमच्या नकळतच घडून गेली होती. नाही तर, मनात यत्किंचितही कपट नसता, जे सांगण्याचा अधिकार कोणा माणसाला नाही ते त्यांनी आम्हांस सांगितले होते. ख्रिस्ती श्रद्धावंताच्या दृष्टीने हा दुसरा पक्ष फार गंभीर आहे. ज्याला औषध मिळालेलेच नाही त्याला 'तू बरा झालास' असे सांगून वैद्याने घरी पाठवावे, तसा तो प्रकार होतो. म्हणून संक्षिप्त धर्मप्रचाराच्या पद्धती मूळ सुवार्तेशी इमान राखतात काय, हा प्रश्न बाहेरच्या टीकाकारांनी नव्हे, तर ख्रिस्ती विचारवंतांनीच आग्रहाने विचारलेला आहे.

त्या पुस्तिकेचा इतिहास मनोरंजक आहे. तिचे कर्ते बिल ब्राइट हे कॅलिफोर्नियातील एक गृहस्थ. गोड पदार्थांचा व्यापार करीत. १९५१ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात त्यांनी विद्यार्थ्यांमध्ये प्रचारास प्रारंभ केला आणि 'कॅम्पस क्रुसेड फॉर ख्राइस्ट' ही संस्था काढली. अडचण अशी होती की श्रद्धा असलेल्या तरुणालाही आपली श्रद्धा दुसऱ्यास सांगताना जीभ अडखळे. म्हणून प्रथम पाठ करून बोलण्याचे एक लांबट निवेदन तयार झाले. ते घटवीत घटवीत चार वाक्यांवर आले, आणि १९६५ साली 'चार आध्यात्मिक नियम' ह्या नावाने पुस्तिका निघाली. तिच्या प्रती पुढे अनेक भाषांत आणि कोट्यवधींच्या संख्येने निघाल्या.

तिचा आशय थोडक्यात असा. जड सृष्टीला जसे नियम आहेत तसे मनुष्य आणि देव ह्यांच्या संबंधालाही आहेत. पहिला नियम, देवाचे तुमच्यावर प्रेम आहे आणि तुमच्या जीवनासाठी त्याची एक उत्तम योजना आहे. दुसरा, मनुष्य पापी असल्यामुळे देवापासून तुटलेला आहे. तिसरा, येशू ख्रिस्त हाच त्या पापावर देवाने योजलेला एकमेव उपाय होय. चौथा, प्रत्येकाने वैयक्तिक रीतीने ख्रिस्ताचा तारणारा आणि प्रभू म्हणून स्वीकार केला पाहिजे. सोबत साध्या आकृत्या आहेत. एका वर्तुळात सिंहासन असून त्यावर 'मी' बसलो आहे, दुसऱ्यात त्याच सिंहासनावर ख्रिस्त आहे. पापाचे कलम आधी पहिले होते, छापण्यापूर्वी प्रेमाचे कलम वर आणले, असे ब्राइट ह्यांनीच सांगितले आहे. गिऱ्हाइकाशी पहिला शब्द कोणता बोलावा ह्याची जाण व्यापाऱ्याला असते, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तो अन्याय ठरेल, कारण माणसाला आधी दोष न दाखवता प्रेम सांगावे ही भावना व्यापारी नव्हे.

ही एकच पद्धत आहे असे नाही. १८६६ साली लंडनचे प्रसिद्ध धर्मोपदेशक स्पर्जन ह्यांनी तर शब्दांवाचून पुस्तक पुढे केले. त्यात पाने तीन : काळे म्हणजे पाप, तांबडे म्हणजे ख्रिस्ताचे रक्त, पांढरे म्हणजे शुद्धी. मागाहून अमेरिकेच्या मूडींनी त्यात स्वर्गाचे सोनेरी पान घातले. (पांढरा रंग जेथे कफनाचा आणि वैधव्याचा, तेथे हे पुस्तक वाचणाऱ्याच्या मनात काय येत असेल, हा विचार स्पर्जनसाहेबांना लंडनमध्ये शिवण्याचे कारण नव्हते.) फ्लॉरिडातील जेम्स केनेडी ह्यांनी १९६२ पासून दोन प्रश्नांची पद्धत रूढ केली : आज रात्री तुम्ही मेलात तर स्वर्गात जाल ही खात्री आहे काय? आणि 'तुला आत का घेऊ?' असे देवाने विचारले तर काय उत्तर द्याल?

आता ह्या साऱ्यांवरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे ते फार थोडक्यात आहे. हा आक्षेप आम्हांस पटत नाही. हरिपाठ लहान आहे म्हणून ज्ञानेश्वरीचा अपलाप झाला असे आपण म्हणत नाही. खुद्द नव्या करारातच संक्षेप आहेत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल आपल्याला परंपरेने मिळालेली सुवार्ता चार-सहा वाक्यांत सांगतो : ख्रिस्त शास्त्राप्रमाणे आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठविला गेला, आणि अमक्या-अमक्यांस दिसला. ब्राइट ह्यांच्या पुस्तिकेहून हे कितीतरी आटोपशीर आहे.

पण दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. पौलाचे प्रत्येक वाक्य क्रियापदाच्या भूतकाळी आहे. मेला, पुरला गेला, उठविला गेला, दिसला. ही घडलेल्या गोष्टीची बातमी आहे. सुवार्ता ह्या शब्दाचा अर्थच तो. मूळ ग्रीक शब्द 'युआंगेलियन' हा राजकीय व्यवहारातला होता. आशिया मायनरमधील प्रिएने येथील इसवी सनापूर्वी ९ च्या शिलालेखात सम्राट ऑगस्टसच्या जन्मासंबंधी तोच शब्द अनेकवचनी आला आहे. नवा राजा आला, ही वार्ता दूत गावोगाव देतो. मार्काच्या शुभवर्तमानात येशूचे पहिलेच जाहीर बोल त्याच जातीचे आहेत : वेळ भरली आहे, देवाचे राज्य जवळ आले आहे, पश्चात्ताप करा आणि ह्या वार्तेवर विश्वास ठेवा.

नियमाची प्रकृती निराळी. नियम घडत नाही, तो सदैव असतो. पाणी उताराकडे वाहते, ह्याला तारीख नाही, गाव नाही. 'नियम' हे नाव घेताच त्या पुस्तिकेने वार्तेचे सूत्र बनविले, आणि सूत्राला कथा लागत नाही. मग अब्राहाम, मिसर देशातली गुलामगिरी, संदेष्टे, बाबेलचा बंदिवास, म्हणजे पौल ज्याला 'शास्त्राप्रमाणे' ह्या शब्दाने जोडून घेतो ते सारे, गळून पडते. पुनरुत्थानाचे वचन तिसऱ्या नियमाखाली दिलेले आहे, पण ते पुराव्यादाखल. आणि देवाचे राज्य, जो येशूच्या बोलण्याचा गाभा, त्याच्या जागी 'तुमच्या जीवनासाठी योजना' येते. राजा आला ह्या दवंडीचे, तुमच्या घरचे एक काम होऊन जाईल, एवढ्यावर येऊन थांबणे आमच्या मते सर्वांत मोठी हानी आहे. १९७४ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सुमारे दीडशे देशांतील सुवार्तिक जमले असता, इक्वेडोरच्या रेने पादीया ह्यांनी अमेरिकन जीवनपद्धतीलाच सुवार्ता समजण्याच्या ह्या प्रवृत्तीवर स्पष्ट बोट ठेवले, ते ह्याच कारणाने.

दुसरी गोष्ट प्रार्थनेची. पुस्तिकेत प्रार्थनेपूर्वी प्रकटीकरणातील एक वचन येते, ज्यात ख्रिस्त दाराशी उभा राहून ठोठावीत आहे. मूळ संदर्भ पाहिला तर हे बोल लावदिकीयाच्या मंडळीला, म्हणजे आधीच ख्रिस्ती असून कोमट झालेल्या लोकांना, उद्देशून आहेत. जे घरच्यांना बजावले ते परक्याला आमंत्रण म्हणून पाठविले गेले. शिवाय कोणा प्रेषिताने ऐकणाऱ्याकडून आपल्यामागून प्रार्थना म्हणवून घेतली आणि तत्काळ त्याला निर्धास्त केले, असा प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांत आढळत नाही. तेथे बाप्तिस्मा आहे, आणि त्यानंतर शिक्षणात, सहवासात व एकत्र भाकर मोडण्यात टिकून राहणे आहे.

मग ही रीत आली कोठून? तिचे मूळ एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत सापडते. चार्ल्स फिनी हे वकिलीतून धर्मोपदेशाकडे आलेले गृहस्थ. १८३०-३१ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील सभांत त्यांनी पुढे एक बाक ठेवविले. ज्याचे मन हेलावले असेल त्याने उठून त्यावर येऊन बसावे. १८३५ च्या आपल्या व्याख्यानांत त्यांनी स्वच्छ सांगितले की धर्मजागृती हा चमत्कार नव्हे, योग्य साधने योग्य रीतीने वापरल्याचा तो परिणाम आहे. बाकाला उत्तर दिले पेनसिल्व्हेनियातील जॉन नेव्हिन ह्यांनी, १८४३ साली. त्यांचे म्हणणे असे की बाकावर येऊन बसणे आणि ख्रिस्ताकडे येणे ह्या दोन गोष्टी आहेत, आणि जो पहिलीवर जोर देतो तो नकळत दुसरीचे स्थान तिला देऊन टाकतो. त्याऐवजी त्यांनी प्रश्नोत्तरीची, म्हणजे घरी व मंडळीत वर्षानुवर्षे चालणाऱ्या शिक्षणाची, बाजू घेतली. नेव्हिन वाचले जातात ते अभ्यासकांच्या खोल्यांत. बाक मात्र पुढे मूडींच्या चौकशीच्या खोलीत, बिली ग्रॅहॅमच्या पटांगणात आणि अखेर वसतिगृहातल्या खाटेपर्यंत आले.

ग्रॅहॅम १९५७ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सोळा आठवडे बोलले, आणि पुढे येणाऱ्यांची नावे कार्डांवर लिहून घेण्याची चोख व्यवस्था होती. संख्या मोजता आली की तिचा मोह आवरत नाही. जे. आय. पॅकर ह्या इंग्रज पंडितांनी १९६१ साली ह्यावर मार्मिक लिहिले : सुवार्ता सांगितली की नाही हे काय सांगितले त्यावरून ठरते, किती जण वळले त्यावरून नव्हे.

येशूकडे अशी ठरीव पद्धत दिसत नाही, हे शुभवर्तमाने वाचणाऱ्या कोणासही जाणवेल. रात्री आलेल्या निकदेमाला तो नव्या जन्माचे कोडे घालतो. विहिरीवरच्या शमरोनी बाईकडे पाणी मागतो. 'सार्वकालिक जीवन मिळवायला काय करू' असे श्रीमंत तरुण विचारतो तेव्हा, त्याला सर्वस्व विकण्यास सांगून खिन्न होऊन जाऊ देतो. मागून हाक मारून अट सैल करीत नाही. प्रचारकाच्या वहीत त्या दिवशी एकही नाव चढले नसते. डीट्रिख बोनहोफर ह्या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने १९३७ साली 'स्वस्त कृपा' म्हणून जिची निर्भर्त्सना केली ती हीच, अनुयायी होण्याची किंमत वगळून वाटलेली कृपा. त्याने स्वतः ती किंमत १९४५ साली नाझींच्या फासावर दिली.

इतके बोलल्यावर दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पुस्तिकेत 'प्रभू' हा शब्द आहे, सिंहासनाची आकृती आहे. आज्ञाधारकता तिने अगदीच वगळली असे नाही. शेवटी मंडळीत सामील होण्याचा सल्लाही आहे, आणि तेथला दाखला सुंदर आहे : अनेक ओंडके मिळून धडाडून जळतात, एक बाजूला काढून ठेवला की तो विझतो. खेद एवढाच की हे पान प्रार्थनेच्या पलीकडे आहे, आणि आमच्याकडे आलेल्या गृहस्थांना तेथवर जाण्यास सवड नव्हती. तरी असल्या बारा मिनिटांपासून ज्यांचे जीवन खरोखर पालटले अशी माणसे आहेत, हे नाकारणे अरसिकपणाचे होईल. फिलिप्पैच्या तुरुंगात भूकंपाने हादरलेला अधिकारी 'माझे तारण कसे होईल' असे विचारतो तेव्हा पौलाचे उत्तर एका वाक्याचे आहे. पण वाचन तेथे थांबवू नये. पुढच्याच ओळींत पौल त्याला आणि त्याच्या घरच्या सर्वांना प्रभूचे वचन सांगतो, तो अधिकारी त्याच रात्री कैद्यांच्या जखमा धुतो, बाप्तिस्मा घेतो आणि त्यांना घरी नेऊन जेवू घालतो.

ह्या प्रश्नावर आपल्याकडे लक्षात घेण्याजोगे पुरावे आहेत. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी कोकणीत ख्रिस्ती तत्त्वांची लहान प्रश्नोत्तरीही लिहिली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापली गेली. पण नवख्रिस्ती लोकांची भूक तेवढ्याने भागेना. जुनी पुराणे सुटली, तर त्यांच्या जागी आम्हांस पुराण द्या, अशी मागणी झाल्याचे 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच येते. १६१६ साली रायतूर येथे ते छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. प्रश्नोत्तरी मिळालेल्या माणसांनी कथा मागितली, ही गोष्ट अमेरिकेतल्या वादाच्या दोनशे वर्षे आधीची आहे.

आणि पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तत्त्वे त्यांना पटली होती, आणि रमाबाईंची विद्वत्ता काय होती हे ह्या सभेला सांगणे नको. तरीही १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त सापडला नव्हता. एवढ्या मोठ्या बाईला आठ वर्षे लागली, ह्यात लाजण्यासारखे त्यांना काही वाटले नाही. आणि त्या आठ वर्षांत कोणी त्यांच्या खात्रीची घाई केली असती तर, आम्हांस वाटते, त्यांनी ती मानलीही नसती. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये खेड्यातल्या बायकांना समजेल असे बायबल हवे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये मृत्यू येईपर्यंत संपूर्ण ग्रंथाच्या मराठी भाषांतराचे काम करीत राहिल्या. शब्द त्यांनी जितके सोपे करता येतील तितके केले. अध्याय एकही गाळला नाही.