नेवाळीची धांवपट्टी

कल्याणहून मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यानें निघालें म्हणजे वाटेंत नेवाळी हें गांव लागतें. एका अंगाला उल्हासनगर व अंबरनाथ, पलीकडे बदलापूर आणि समोर मलंगगडाचा सुळका, असा हा मुलूख आहे. लष्करी इतिहासाला तो नवखा नाहीं. १७८० सालीं इंग्रजांच्या कॅप्टन ॲबिंग्टननें मलंगगडाची खालची माची घेतली. वरचा बालेकिल्ला मात्र त्याच्या हातीं लागला नाहीं. त्यानंतर सुमारें एकशें साठ वर्षांनीं त्याच गडाच्या छायेंतल्या सपाटीवर निराळ्याच युद्धाच्या खुणा उमटल्या. भाताचीं खाचरें मोडून तेथें विमानांसाठीं धांवपट्टी बांधण्यांत आली. युद्ध संपलें, विमानांची गरज सरली. परंतु त्या धांवपट्टीखालच्या जमिनीचा प्रश्न मागें राहिला. लढाईचे इतिहास लिहिणाऱ्यांनीं या तळाकडे फारसें लक्ष दिलेलें नाहीं. तरी युद्ध ज्या भूमीवर प्रत्यक्ष लढलें गेलें नाहीं, तिचेंही रूप तें कसें पालटून टाकतें, हें समजून घेण्यास या तीन गांवांच्या परिसराइतकें चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल.

१९४२ च्या आरंभीं हिंदुस्थानच्या संरक्षणाचें सारें गणितच उलटलें होतें. शत्रु येईल तो वायव्येच्या खिंडींतून, असें शंभर वर्षें गृहीत धरलें गेलें होतें. पण १५ फेब्रुवारीस सिंगापूर पडलें, मार्चमध्यें रंगून गेलें आणि एप्रिलमध्यें विमानवाहू जहाजांसह जपानी आरमार हिंदी महासागरांत शिरलें. ४ एप्रिल रोजीं लेनर्ड बर्चल या कॅनेडियन वैमानिकाच्या कॅटॅलिना विमानानें लंकेच्या दक्षिणेस हें आरमार पाहिलें. बिनतारी संदेश पाठविला जात असतांनाच जपानी लढाऊ विमानांनीं त्याचें विमान पाडलें व तो कैदी झाला. दुसऱ्या दिवशीं कोलंबोवर बाँब पडले. ६ एप्रिल रोजीं विशाखापट्टण आणि काकिनाडा या आपल्याकडील बंदरांवर, तर ९ रोजीं त्रिंकोमालीवर हल्ला झाला. समुद्र हा तट आहे, ही समजूत त्या एका आठवड्यांत नाहींशी झाली.

कोलंबोच्या हल्ल्यांत एक चमत्कारिक गोष्ट घडली. तेथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर घाईघाईनें एक धांवपट्टी करण्यांत आली होती आणि तिचा जपान्यांना पत्ताच नव्हता. त्यांचीं विमानें ठाऊक असलेल्या तळाकडे वळलीं, तेव्हां या मैदानावरील हरिकेन विमानें सुखरूप आकाशांत चढलीं. पुढें हवेंत त्यांची मोठी हानि झाली, ही गोष्ट वेगळी; परंतु तीं जमिनीवरच जळून गेलीं नाहींत. कलकत्त्यास तर रेड रोड या राजरस्त्याचीच धांवपट्टी करण्यांत आली आणि लढाऊ विमानें भर शहरांतून उडूं लागलीं. विमानांची संख्या वाढविण्याइतकेंच त्यांना उतरण्याच्या जागांची संख्या वाढविणें महत्त्वाचें आहे, हा या प्रसंगांचा धडा होता. १९४२ मध्यें हिंदुस्थान सरकारनें दोनशेंहून अधिक विमानतळांची योजना हातीं घेतली. नेवाळीचा तळ हें त्याच काळाचें अपत्य होय.

धांवपट्टी म्हणजे एक लांबसा रस्ता, असें पाहणाऱ्यास वाटतें; मग तिला शेंकडों एकर जमीन कां लागावी? याचें पहिलें कारण वजन. हरिकेनसारखें लढाऊ विमान तीन ते साडेतीन टनांचें. माल व माणसें वाहणारें डाकोटा भरल्यावर बारा टनांच्या घरांत जाई. आणि लिबरेटर हें चार एंजिनांचें बाँबफेकी विमान पंचवीस टनांच्याही पुढें. एवढा भार उतरतांना थोड्याशा चाकांवर येतो. उन्हाळ्यांत टणक दिसणारें कोंकणांतलें भातशेत आषाढांत गुडघाभर चिखलाचें होतें. तेव्हां खालीं दगडगोट्यांचा पाया, वर काँक्रीट अथवा डांबर, आणि दोहों अंगांनीं पाण्याचे चर असल्यावांचून बारमाही धांवपट्टी होऊंच शकत नाहीं.

दुसरें कारण वारा. विमान उचललें जातें तें जमिनीवरील वेगामुळें नव्हे, तर पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या वेगामुळें. एखाद्या विमानास उडण्यास ताशीं नव्वद मैलांचा वेग लागत असेल आणि समोरून वीस मैलांचा वारा वाहत असेल, तर जमिनीवर सत्तर मैलांचा वेग गांठतांच तें उचललें जातें. तोच वारा पाठीमागून आला तर एकशें दहा मैलांचा वेग लागतो आणि तोंवर धांवपट्टी संपून जाते. वारा बाजूनें आल्यास संकट निराळेंच. त्या काळच्या बहुतेक विमानांचें तिसरें चाक शेंपटाखालीं असे आणि आडव्या वाऱ्यांत अशीं विमानें गरकन फिरत. म्हणून इंग्लंडांत ठरलेल्या त्या वेळच्या मोठ्या तळाच्या नमुन्यांत एकमेकींस छेदणाऱ्या तीन धांवपट्ट्या असत. मुख्य दोन हजार यार्डांची आणि दुसऱ्या दोन प्रत्येकीं चौदाशें यार्डांच्या. वारा कोठूनही येवो, एक तरी पट्टी उपयोगी पडावी हा हेतु.

तिसरें कारण भीति. ७ डिसेंबर १९४१ रोजीं हवाई बेटांतील व्हीलर येथील अमेरिकन तळावर घातपात टाळण्यासाठीं विमानें पंखाला पंख लावून ओळीनें उभीं केलेलीं होतीं. पहारा ठेवण्यास तें सोयीचें होतें. पण पर्ल हार्बरवर चालून आलेल्या जपानी वैमानिकांना त्याहूनही सोयीचें झालें. त्यानंतर विमानें दूरदूर विखरून ठेवण्याचा परिपाठ पडला. धांवपट्टीपासून फांद्यांसारखे रस्ते काढावयाचे, त्यांच्या टोंकाला मातीचे बांध घातलेलीं ठाणीं करावयाचीं, पेट्रोल एका कोपऱ्यांत, दारूगोळा दुसऱ्या कोपऱ्यांत, माणसें तिसऱ्या ठिकाणीं. अशा रीतीनें एका पट्टीभोंवतीं अनेक गांवांच्या शिवारांना गिळणारा पसारा उभा राहतो. नेवाळीच्या तळासाठीं नेवाळी, भाल, द्वारली व आसपासच्या गांवांची मिळून दीड हजार एकरांहून अधिक जमीन घेण्यांत आली.

त्यासाठीं हाच मुलूख कां निवडला गेला, याचें उत्तर जुनें आहे. मुंबईच्या बंदरांतून देशावर जाणाऱ्या वाटा येथें एकत्र येतात आणि येथूनच फुटतात. घोडे बदलण्याचें ठिकाण तें बदलापूर, अशी त्या गांवाच्या नांवाची लोकांत प्रचलित असलेली व्युत्पत्ति आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यांतून वाटेचें महत्त्व कळतें. पुढें आगगाडी आली, तिचेही थळ घांटाकडे व बोर घांटाकडे जाणारे दोन फांटे कल्याणलाच फुटले. जहाजांतून उतरलेलें सैन्य गाडींत घालावें, बंदराच्या गर्दींतून बाहेर काढावें आणि मग हुकूम येतील तसें उत्तरेस वा दक्षिणेस पाठवावें, यासाठीं याहून सोयीची जागा नव्हती. म्हणून कल्याणपासून थोड्या अंतरावर लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना एक विस्तीर्ण छावणी उभारण्यांत आली. सहा हजार सैनिक आणि इतर तीस हजार माणसें राहतील अशी तिची योजना होती. तींत २,१२६ बराकी आणि सुमारें १,१७३ स्वतंत्र निवासस्थानें होतीं. बहुतेक बराकींत मध्यें एक मोठें दालन व दोन्ही टोंकांना खोल्या असत.

अशा छावणींत लढाई नसते. असतें तें केवळ वाट पाहणें. नाशिकजवळच्या देवळालीच्या अशाच तळावर जहाजाची वाट पाहतां पाहतां गोरे शिपाई इतके कंटाळत कीं, डोकें फिरलेल्या माणसास इंग्रजी बोलींत ‘डूलॅली’ म्हणूं लागले. तो शब्द म्हणजे देवळालीचाच अपभ्रंश होय.

ज्या संकटाच्या भयानें एवढी तयारी झाली, तें मुंबईवर आलेंच नाहीं. जपानी विमान मुंबईवर एकही बाँब टाकून गेलें नाहीं. मुंबईचा सर्वांत मोठा युद्धकालीन विध्वंस झाला तो गोदींतच. १४ एप्रिल १९४४ रोजीं ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागून त्याचे भयंकर स्फोट झाले. त्याच्या पोटांत सुमारें चौदाशें टन स्फोटक द्रव्यें, कापसाचे गठ्ठे, सोन्याच्या विटा आणि स्पिटफायर विमानेंही होतीं. शेंकडों माणसें मेलीं. दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रांनींही हा हादरा टिपला. शत्रूची वाट आकाशांत पाहिली जात होती आणि अनर्थ ओढवला तो आपल्याच जहाजांतून!

युद्ध संपतांच छावणी ओस पडली. परंतु लौकरच तिच्या बराकींना अनपेक्षित रहिवासी लाभले. १९४७ मध्यें फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेले एक लाखाहून अधिक निर्वासित या ओसाड छावणींत आणून वसविण्यांत आले. सैनिकांनीं चार दिवस मुक्काम करावा म्हणून बांधलेल्या दालनांत आडपडदे लावून अनेक कुटुंबांनीं एकत्र संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसविण्यांत आली आणि त्याचें नांव ‘उल्हासनगर’ ठेवण्यांत आलें. तरी लष्करी मांडणी पुसली गेली नाहीं. आजही तेथील माणूस आपला पत्ता सांगतांना ‘कॅम्प नंबर तीन’ किंवा ‘कॅम्प नंबर पांच’ असें म्हणतो. कोणा लष्करी अधिकाऱ्यानें नकाशावर घातलेले ते आंकडे तीन पिढ्यांच्या जिभेवर रुळले आहेत.

बराकींना माणसें मिळालीं. धांवपट्टी मात्र कोणाची, हा वाद राहिला. त्याचें मर्म कळण्यास कायद्यांतील एक भेद ध्यानांत घ्यावा लागतो. सरकारनें जमिनीचा ‘ताबा घेणें’ निराळें आणि जमीन ‘संपादन करणें’ निराळें. युद्धकाळांत भारत संरक्षण नियमांनीं, विशेषतः त्यांतील ७५-अ या नियमानें, सरकारला कोणाचीही जागा गरजेपुरती ताब्यांत घेण्याचा अधिकार दिला होता. तींत मालकी मूळ मालकाचीच राहते, त्याला मोबदला मिळतो आणि गरज संपली म्हणजे जागा परत करावयाची असते. उलट, १८९४ च्या भूसंपादन कायद्यानें घेतलेली जमीन कायमची सरकारची होते. युद्धानंतर ताब्यांतील जागांविषयीं १९५२ सालीं स्वतंत्र कायदाही करण्यांत आला. परंतु ज्यांच्या शेतांवरून पट्टी गेली, त्यांतील बहुतेकांना या दोन शब्दांमधलें अंतर त्या वेळीं कोण समजावून सांगणार? तलाठ्याचा निरोप आला आणि शेत गेलें, एवढेंच त्यांना कळलें असणार.

नेवाळीच्या वादाचें मूळ याच अंतरांत आहे. जमीन युद्धापुरती घेतली होती व युद्ध संपल्यावर ती परत मिळावयास हवी होती, असें शेतकऱ्यांचें म्हणणें. जमीन रीतसर संपादन झालेली असून ती संरक्षण खात्याची आहे, असें सरकारी बाजूचें म्हणणें. मधल्या काळांत पिढ्या गेल्या. विमानें येईनाशीं झालीं तेव्हां कुळंबी-आगऱ्यांच्या मुलांनीं मोकळ्या रानांत पुन्हां भात लावला. पट्टीच्या भोंवतालीं अंबरनाथ व बदलापूर वाढत गेलीं, चाकरमान्यांच्या इमारती उठल्या आणि खाचरांच्या जागेला सोन्याचें मोल आलें. २०१७ सालीं नौदलानें या जमिनीभोंवतीं कुंपणाची भिंत घालण्यास आरंभ केला, तेव्हां साचलेला असंतोष फुटला. २२ जून २०१७ रोजीं शेतकरी रस्त्यावर उतरले. आंदोलनास हिंसक वळण लागलें, पोलिसांच्या गाड्या जाळण्यांत आल्या, आणि शेतकरी व पोलीस दोन्ही बाजूंचीं माणसें जखमी झालीं. शत्रूचें एकही विमान ज्या तळावर आलें नाहीं, तेथें युद्ध संपल्यावर बहात्तर वर्षांनीं माणसें घायाळ झालीं.

युद्धाचा खर्च सांगतांना तोफा, जहाजें, विमानें आणि मेलेले सैनिक मोजण्याची चाल आहे. त्या हिशेबांत ‘तात्पुरतें’ म्हणून केलेल्या गोष्टी बहुधा धरल्या जात नाहींत. कल्याणच्या छावणीच्या बराकी तात्पुरत्या होत्या. त्यांचें शहर झालें आणि बेघरांना त्यांत आसरा मिळाला. नेवाळीची पट्टीही तात्पुरतीच समजली गेली होती. पण ती किती काळ तात्पुरती, हें ज्यांचीं शेतें गेलीं त्यांना उमगेल अशा भाषेंत कोणी लिहून दिलें नाहीं. संकटाच्या घाईंत सरकारनें जमीन घेणें कधीं कधीं अटळ असतें, हें १९४२ च्या एप्रिलनें दाखविलें. परंतु घेतांना ती कोणत्या अटीवर घेतली व केव्हां परत करावयाची, एवढें एका कागदावर स्पष्ट लिहून शेतकऱ्याच्या हातीं ठेवण्यास एक दिवसही पुरला असता. त्या कागदाच्या अभावीं मलंगगडाच्या पायथ्याशीं एका गांवच्या नातवंडांना आजोबांच्या शेतासाठीं भांडावें लागलें.